घरचे पाणी आणि सरकारी कानाडोळा

आपल्या प्रशासनात एक सोयीची समजूत रूढ आहे. नळाचे पाणी ही सार्वजनिक बाब आणि घराच्या आवारातील बोअरचे पाणी ही ज्याची त्याची खासगी बाब. पहिल्याची तपासणी करावयाची, दुसऱ्याकडे पाहावयाचेही नाही. ही समजूत शास्त्राच्या दृष्टीने चुकीची आणि आरोग्याच्या दृष्टीने घातक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

झाशीतील प्रेम नगरचे उदाहरण घेऊ. मराठी माणसाची झाशी बहुधा नेवाळकरांच्या किल्ल्यापाशी संपते. पण आजच्या झाशीचा खरा प्रश्न अशा वस्त्यांत आहे. शहराला बेतवा नदीवरील माताटीला धरणाचा आधार असला, तरी जेथे नळ पुरा पडत नाही तेथे घरमालक बोअर घेतो. या भागाखाली बुंदेलखंडाचा ग्रॅनाइट आहे. त्यात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत. गंगेच्या खोऱ्यातील वाळू-गाळ पाणी बऱ्याच अंशी गाळून देतो. भेगांतून मात्र ते फारसे न गाळताच वाहते. त्यामुळे शेजाऱ्याच्या शौचकुंडाचा पाझर आणि आपला बोअर एकाच भेगेवर असू शकतात. शिवाय अशा खडकातून फ्लोराइडही पाण्यात उतरू शकते.

भारतीय मानक 10500 नुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे 45 मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, फ्लोराइड 1 मिलिग्रॅमपर्यंत असावे, पर्यायी स्रोत नसल्यास फार तर 1.5, आणि 100 मिलिलिटर नमुन्यात ई-कोलाय हा जंतू मुळीच सापडू नये. यांपैकी एकही गोष्ट डोळ्यांना दिसत नाही किंवा जिभेला कळत नाही. ‘आमचे पाणी गोड आहे’ हा काही प्रयोगशाळेचा दाखला नव्हे. यंत्र विकणारा दाखवतो तो टीडीएसचा आकडा विरघळलेल्या क्षारांची बेरीज तेवढी सांगतो. जंतूंविषयी काहीच सांगत नाही.

मग कायदा काय करतो? 1882 च्या सुखाधिकार अधिनियमाने जमिनीखालचे पाणी जमीनमालकाच्या हाती दिले. उत्तर प्रदेशाने 2019 मध्ये भूजल कायदा केला, तो मुख्यतः उपसा आणि प्रदूषण यांविषयी. घरात प्रत्यक्ष प्यायल्या जाणाऱ्या पाण्याची नियमित तपासणी मात्र मालकाच्या मर्जीवर राहिली. मालकाने तपासले नाही, तर भाडेकरूने काय करावे? त्याला तर बोअर किती खोल आहे हेही ठाऊक नसते.

यावर ठरलेला आक्षेप येतो: घराघरांत निरीक्षक पाठवून आणखी एक वसुलीचे खाते उघडावयाचे काय? मुळीच नाही. आपल्यापैकी अनेक कुटुंबे ज्या न्यू जर्सीत राहतात, तेथील 2001 चा खासगी विहीर तपासणी कायदा पाहावा. घर विकताना विहिरीच्या पाण्याची तपासणी करून अहवाल विकणारा व घेणारा या दोघांनी पाहावयाचा. घर भाड्याने असेल तर मालकाने दर पाच वर्षांनी तपासणी करून प्रत भाडेकरूस द्यावयाची. पाणी खराब निघाले म्हणून विक्री अडत नाही. ते लपवता मात्र येत नाही. आपल्याकडे बांधकाम पूर्णत्वाचा दाखला, खरेदीखत आणि भाडेकरार हे तीन कागद असतात. प्रत्येकास पाण्याचा अहवाल जोडण्यास नवे खाते लागत नाही. जल जीवन मिशनच्या प्रयोगशाळा 2021 पासून नाममात्र शुल्कात नागरिकांसाठी खुल्या करण्यात आल्या. हीच सोय शहरी वस्त्यांच्या दारापर्यंत नेणे हे प्रशासनाचे काम आहे.

हे न केल्यास काय होते, ते पुण्याने दाखवून दिले. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गिलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढल्यावर खासगी विहिरी, टँकर व आरओ केंद्रे यांचे नमुने घेण्याची धावपळ सुरू झाली. तोपर्यंत ‘खासगी’ असलेले पाणी रुग्ण वाढताच एकाएकी सार्वजनिक झाले. रोग आल्यावर जे तपासता येते, ते आधी का तपासता येऊ नये?

कायदा होईपर्यंत प्रत्येकाने एवढे तरी करावे. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्यानंतर, निर्जंतुक बाटलीत नमुना घेऊन तो गार ठेवून 24 तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावा. बोअरच्या तोंडाभोवती पक्का ओटा बांधावा, टाकी झाकावी व वेळोवेळी धुवावी. स्वच्छ दिसणाऱ्या 1000 लिटर पाण्यास सुमारे 2.5 ग्रॅम चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर आणि तासाभराचा अवधी लागतो. मात्र क्लोरीनने जंतू मरतात, नायट्रेट वा फ्लोराइड जात नाही. ते उकळूनही जात नाही. म्हणून तपासणी आधी, उपाय नंतर.

गावाकडे वडीलधारी मंडळी बोअरवर राहत असतील, तर या सुट्टीत पहिली भेट पाण्याच्या नमुन्यासह प्रयोगशाळेस द्यावी. आणि अहवाल घरात दडवू नये, शेजाऱ्यासही दाखवावा. भेग त्याच्याही अंगणाखालून जाते.