मोटर वाढवण्याआधी पट्ट्याचा हिशोब करा



लूम जड चालतोय, पिक कमी पडतायत, पट्टा घसरतोय. अशी तक्रार मालेगावच्या कुठल्याही गल्लीत सांगून बघा, दहातले आठ जण एकच उपाय सांगतील: "मोटर मोठी टाका." माझं मत स्पष्ट आहे. पट्टा आणि पुली न बघता मोटर वाढवणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. जुने लूम घेऊन धंदा सुरू करणाऱ्या नव्या माणसाला हा फटका जास्त बसतो, कारण त्याचं भांडवल आधीच कर्जाचं असतं.

कारण साधं आहे. मोटरच्या प्लेटवर लिहिलेले एच.पी. ही मोटरची ताकद झाली. लूमपर्यंत किती पोचणार हे मधला पट्टा ठरवतो. पट्टा 1 एच.पी. नेऊ शकत असेल, तर मागे 2 एच.पी.ची मोटर लावून लूमला 2 एच.पी. मिळत नाहीत. जास्तीचा जोर आला की पट्टा पुलीवर घसरतो आणि त्या ताकदीची उष्णता होते. वास येतो, पट्टा चकाकतो, कडक होतो, मग फाटतो.

एक सोपा हिशोब

आपल्याकडच्या बहुतेक मोटरी 1440 आरपीएमच्या असतात. त्यांच्यासाठी हे सूत्र वहीत लिहून ठेवा: एच.पी. ला 1000 ने गुणा आणि मोटरच्या पुलीच्या व्यासाने (मि.मी. मध्ये) भागा. जे उत्तर येईल, तेवढ्या किलोचा निव्वळ ओढा पट्ट्यावर पडतो.

1 एच.पी. आणि 100 मि.मी.ची पुली: 10 किलो. तीच मोटर, पण पुली 75 मि.मी.ची: 13 किलोच्या वर. पुली 150 ची केली तर 7 किलोपेक्षा कमी. म्हणजे मोटर तीच, काम तेच, पण पुली लहान झाली की पट्ट्यावरचा ताण वाढतो. मोठ्या पुलीवर पट्टा जास्त वेगाने पळतो, आणि वेग वाढला की तेवढीच ताकद कमी ओढ्यात जाते.

लहान पुलीचा आणखी एक त्रास आहे. तिच्यावरून जाताना पट्टा जास्त वाकतो आणि आतून थकतो. म्हणून व्ही-बेल्टला किमान पुली ठरलेली असते: ए सेक्शनला 75 मि.मी., बी ला 125, सी ला 200. ए सेक्शन म्हणजे वरून 13 मि.मी. रुंद, बी 17 आणि सी 22. 75 च्या पुलीवर ए चा एक पट्टा जेमतेम 1 एच.पी. नेतो, 100 च्या पुलीवर दीडच्या आसपास. नेमका आकडा पट्ट्याच्या कंपनीच्या तक्त्यात मिळतो. दुकानदाराकडे तो तक्ता मागा, लाजू नका.

आता बघा. 75 ची पुली, ए चा एक पट्टा आणि 1 एच.पी.ची मोटर, म्हणजे गाडी आधीच काठावर. तिथे दीड एच.पी.ची मोटर लावली तर काय होणार, ते तुम्हीच सांगा.

घसरण किती महाग पडते?

पट्टा थोडा घसरला तर काय बिघडलं, असं वाटतं. हिशोब करू. लूम मिनिटाला 150 पिक मारायला हवा आणि 5 टक्के घसरण आहे, म्हणजे साडेसात पिक गेले. 12 तासांच्या पाळीत लूम थांबलाच नाही असं धरलं, तर 5400 पिक कमी. कापडात इंचाला 40 पिक असतील तर 135 इंच, म्हणजे जवळपास साडेतीन मीटर कापड कमी. आठ लूमचे झाले 27 मीटर, एका पाळीत. मजुरी मीटरवर असेल तर कारागिराचंही नुकसान. आणि हे कुठल्याच बिलात दिसत नाही.

तपासायला मोबाईलचं घड्याळ पुरेसं आहे. मोटरच्या आरपीएमला मोटरच्या पुलीच्या व्यासाने गुणा आणि लूमच्या पुलीच्या व्यासाने भागा. लूमचे किती फेरे व्हायला हवेत ते कळेल. साध्या लूमवर एका फेऱ्याला एक पिक. मग मिनिटभर प्रत्यक्ष पिक मोजा. एक-दोन टक्के फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर खिशाला भोक पडलंय.

मग पट्टा कचकचून ताणायचा का?

नाही. घसरतो म्हणून ताणायचा, हा दुसरा आवडता उपाय. जास्त ताणलेला पट्टा मोटरच्या बेअरिंगवर रात्रंदिवस ओढा देतो, आणि पट्ट्याचे पैसे वाचवताना मोटर उघडावी लागते. दोन पुल्यांमधल्या पट्ट्याच्या मध्यावर ठरलेल्या जोराने दाबल्यावर दर मीटर लांबीला साधारण 16 मि.मी. दबला पाहिजे. तो जोर किती, हेही तक्त्यात असतं. सपाट पट्ट्याला राळ चोळणं हाही तात्पुरता इलाज. राळेवर सुताची धूळ चिकटते आणि पट्टा पुन्हा गुळगुळीत होतो.

खरे उपाय या क्रमाने करा. आधी लूम जड का झाला ते बघा: तेल, बेअरिंग, वाकडा शाफ्ट. मग पुल्या एका रेषेत आहेत का, खाचा झिजल्यात का, ते बघा. व्ही-बेल्ट खाचेच्या दोन्ही बाजूंना पाचरीसारखा धरतो. तो तळाला टेकला की पकड संपली. मग दोन्ही पुल्या त्याच प्रमाणात मोठ्या करा, म्हणजे लूमचा वेग तोच राहील. जागा नसेल तर एकाऐवजी दोन पट्टे लावा, पण दोन्ही एकदमच नवे. जुन्याशेजारी नवा लावला की सगळा भार नव्यावर येतो. हे सगळं करूनही कमी पडलं तरच मोटर.

काही जण म्हणतात, पट्टा कमजोरच, गिअर लावा. हे मला पटत नाही. मुंबईच्या जुन्या गिरण्यांत वाफेच्या एका इंजिनाची शेकडो एच.पी. ताकद सुती दोरांवरून मजल्यामजल्यावर जायची. तिथे चाकं प्रचंड होती आणि दोर अनेक होते. म्हणजे मर्यादा पुलीची, वेगाची आणि पट्ट्यांच्या संख्येची असते. शिवाय धोटा अडकला, लूम झटक्यात थांबला, तर पट्टा घसरतो आणि तो झटका सगळाच्या सगळा मोटरवर आणि शाफ्टवर जात नाही. तेवढं घसरणं तुमच्या फायद्याचं. रोजचं घसरणं तोट्याचं.

एक गोष्ट मात्र हिशोबाच्या पलीकडची. पट्ट्याला जाळी लावा. 1948 च्या कारखाना कायद्याचं 21 वं कलम हेच सांगायचं. तुमचं युनिट लहान आहे, कायद्यात बसत नाही, म्हणून पट्टा ओढणी किंवा सदऱ्याची बाही सोडत नाही. जाळीचा खर्च मोटरपेक्षा कितीतरी कमी आहे.

जुना लूम घ्यायला जाल तेव्हा मोटरची प्लेट बघताच. सोबत टेप न्या, दोन्ही पुल्या मोजा, पट्ट्याचा सेक्शन लिहून घ्या आणि वरचं सूत्र लावा. पाच मिनिटांचं काम आहे. सौदा त्यानंतर करा.

भेटू पुढच्या व्हिडिओत.