साखरेच्या रुग्णाचा पेरू कोणी बंद केला?

"शुगर निघाली ना, मग आता फळं बंद!" आपल्या वस्त्यांमध्ये हे वाक्य इतक्या वेळा ऐकू येते की लोकांना ते शास्त्रच वाटू लागले आहे. आमचा सवाल आहे, हे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे?

साधा हिशोब करू. १०० ग्रॅम पेरूत सुमारे ९ ग्रॅम साखर आणि ५ ग्रॅम चोथा असतो. चोथ्यामुळे साखर रक्तात हळूहळू उतरते. दुसरीकडे दोन-दोन चमचे साखर घातलेले चार कप चहा म्हणजे सुमारे ३२ ग्रॅम साखर, आणि चोथा शून्य! वर दोन्ही वेळा ताटभर भात. पण पथ्य म्हणून सुटतो तो पेरू. चहा आणि भात मात्र तसेच राहतात. याला पथ्य म्हणायचे का?

मनसोक्त खा, असे आम्ही म्हणत नाही. एका वेळी एक मध्यम पेरू, नाहीतर अर्धे केळे, नाहीतर एक छोटे सफरचंद पुरे. आंबासुद्धा एक-दोन फोडी चालतो, पण त्या जेवणात भात तेवढा कमी करा. फळ अख्खे खा, रस नको. ग्लासभर रसात तीन-चार संत्र्यांची साखर येते आणि चोथा निघून जातो. किडनीचा त्रास असेल तर केळी, नारळपाणी डॉक्टरांना विचारूनच घ्या. जांभूळ जरूर खा, पण बियांच्या पुडीच्या भरवशावर गोळ्या सोडू नका. आणि इन्सुलिन घेणाऱ्याला घाम फुटून थरथर सुटली, तर साखर किंवा रस ताबडतोब द्या. त्या वेळी तेच औषध असते.

बाबासाहेबांनाही मधुमेहाने ग्रासले होते. त्यांच्या नेतृत्वाखाली मसुदा झालेल्या संविधानाच्या कलम ४७ मध्ये लोकांचे पोषण आणि आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य सांगितले आहे. मग २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात गरिबाच्या वाट्याला माणशी ५ किलो धान्यच का? मजुरीवर जगणाऱ्या घरात फळ ही आजाऱ्याला भेटायला जाताना न्यायची वस्तू झाली आहे, आणि आता आजाऱ्याच्याच तोंडातून ती काढून घेतली जाते! म्हणून फळाचा प्रश्न आम्ही नुसता पथ्याचा मानत नाही, तो हक्काचाही आहे.

ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय मानू नका, ही बुद्धांची शिकवण. शुगरच्या बाबतीत तर तपासणे सोपे आहे. आज जेवणाबरोबर फळ घेतले, तर दोन तासांनी शुगर मोजा. बहुतेकांसाठी ती १८० च्या आत असावी. तुमचा आकडा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. वस्तीतल्या आशाताईंना विचारा. तीस वर्षांवरील प्रत्येकाची शुगर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासली जाते. तो आपला अधिकार आहे, उपकार नाही.

आकडा बघा, मग ठरवा. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून पेरू सोडू नका.

जय भीम!