डेट्रॉइटला काय बघायचं?

अमेरिकेहून परत आलेल्या माणसाला विचारायचे प्रश्न ठरलेले असतात. नायगारा पाहिला का? स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यात वरपर्यंत चढलात का? लास व्हेगासला किती हरलात? या यादीत डेट्रॉइट नसतं. "आम्ही दोन दिवस डेट्रॉइट पाहिलं" असं सांगितलं की समोरचा जरा थांबतो आणि विचारतो, "कामासाठी गेला होतात का?" म्हणजे कारखान्यांच्या गावात माणसाने कामाला जावं, बघायला नाही, हे आपण गृहीतच धरलंय. मला ते पटत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

गंमत अशी की आपली कितीतरी माणसं "डेट्रॉइटला" राहतात. मोटारींच्या धंद्यातले इंजिनियर, त्यांची कुटुंबं, गणपती, दिवाळी, सगळं तिथे आहे. पण ही मंडळी खरं तर राहतात नोव्हाय, ट्रॉय, फार्मिंग्टन हिल्स, कँटन अशा उपनगरांत. देशातून आई-वडील आले की कॅनडाचा व्हिसा नसल्यामुळे लेक एरीला अख्खा वळसा घालून त्यांना नायगारा दाखवतात, शिकागो दाखवतात. ज्या शहराचं नाव पत्ता सांगताना घेतात, ते मात्र अर्ध्यापाऊण तासावर असून दाखवत नाहीत. मी विषय काढला तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, तिकडे बघण्यासारखं काय आहे?" भाचेसून म्हणाली, "जा, पण अंधार पडायच्या आत परत या." वाघाच्या जंगलात निघालो असतो तरी हीच सूचना मिळाली असती!

या भीतीमागे आकडे आहेत, नाही असं नाही. १९५० साली या शहरात साडेअठरा लाख माणसं राहत होती. २०२० च्या जनगणनेत उरली ६ लाख ३९ हजार. तीनातली दोन माणसं निघून गेली तर मागे काय राहतं? रिकामी घरं, बंद शाळा, मोडक्या खिडक्यांचे कारखाने. (२०२३ च्या अंदाजात कित्येक दशकांनी पहिल्यांदा लोकसंख्या किंचित वाढलेली दिसली, हेही सांगायला हवं.)

आता जे लोक डेट्रॉइट बघायला जातात, त्यांतल्या बऱ्याच जणांना ही पडझडच बघायची असते. मधल्या काळात त्याचं एक फॅडच आलं होतं. १९१३ चं भव्य मिशिगन सेंट्रल स्टेशन, जिथून १९८८ साली शेवटची गाडी सुटली, आणि पॅकार्ड मोटारींचा मैलभर पसरलेला ओसाड कारखाना, या दोन जागांचे इतके फोटो निघाले की शहरात दुसरं काही नाहीच असं वाटावं. फोटो सुरेख असतात, यात वाद नाही. छतातून येणारं ऊन, भिंतीतून उगवलेलं झाड. फक्त त्यात माणूस नसतो. माझा आक्षेप तिथेच आहे. माणूस काढून टाकला की पडझड एखाद्या जुन्या किल्ल्यासारखी दिसायला लागते, जणू ऊन-पावसानेच केली आहे.

ती ऊन-पावसाने केलेली नाही. कारखाने शहर सोडून मोकळ्या जागांकडे गेले. महामार्ग झाले आणि त्यावरून गोरी वस्ती उपनगरांत गेली. कृष्णवर्णीयांना तिकडे घर मिळत नव्हतं, कर्जही मिळत नव्हतं. शहराच्या उत्तर टोकाला, एट माइल रस्त्याजवळ, सहा फूट उंच आणि सुमारे अर्धा मैल लांब एक साधी काँक्रीटची भिंत आजही उभी आहे. १९४१ साली एका बिल्डरला कृष्णवर्णीयांच्या वस्तीशेजारी गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती. सरकारी कर्जहमी मिळेना. दोन वस्त्यांच्या मध्ये त्याने ही भिंत घातली, आणि हमी मिळाली! आता तिच्यावर रंगीत चित्रं काढली आहेत, मुलं आजूबाजूला खेळतात. स्टेशनचे शंभर फोटो बघून जे कळत नाही, ते या भिंतीपाशी पाच मिनिटांत कळतं.

तर सांगायचा मुद्दा असा, की डेट्रॉइटला जावं की नाही हा प्रश्नच नाही. जावंच. प्रश्न आहे तिथे कुठे उभं राहून बघायचं हा. आणि गंमत म्हणजे या प्रश्नावर एका चित्रकाराने नव्वद वर्षांपूर्वी भाष्य करून ठेवलंय.

डेट्रॉइट इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्स या संग्रहालयात डिएगो रिव्हेरा या मेक्सिकन चित्रकाराने १९३२-३३ मध्ये एका मोठ्या दालनाच्या चारही भिंती रंगवल्या. एकूण २७ चित्रं, विषय मुख्यतः फोर्डचा रूज कारखाना. पैसे दिले हेन्री फोर्डचा मुलगा एडसेल याने, आणि रिव्हेरा होता कम्युनिस्ट! तो मंदीचा काळ होता. रिव्हेरा शहरात येण्याच्या थोडंच आधी, मार्च १९३२ मध्ये, रूजवर चालून आलेल्या बेकारांच्या मोर्च्यावर पोलीस आणि कंपनीच्या पहारेकऱ्यांनी गोळीबार केला होता. त्यात माणसं मेली होती. हे माहीत असलं की भिंतीवरची ती वाकलेली, ओढणारी, ढकलणारी माणसं वेगळी दिसायला लागतात. गोरे, काळे, सावळे, सगळे एकाच यंत्राला जुंपलेले. खालच्या पट्ट्यांत छोट्या करड्या चित्रांतून कामगाराचा एक दिवस: हजेरीचं कार्ड, जेवणाची सुट्टी, पगार, पुलावरून परतीची वाट.

आणि दक्षिणेच्या भिंतीवर, मोटारी जोडायच्या ओळीमागे, चांगल्या कपड्यांतला एक घोळका उभा आहे. ते आहेत पर्यटक! रूज कारखाना बघायला तेव्हाही लोक यायचे. समोर एवढं काम चाललंय आणि त्यांचे चेहरे मख्ख, आंबट. रिव्हेराने आपल्याला, म्हणजे बघ्यांना, चित्रात घेतलंय, आणि काही फार प्रेमाने घेतलेलं नाही. मी त्या घोळक्यासमोर बराच वेळ उभा होतो. असं बघायचं नाही, एवढं मनाशी ठरलं.

मग कसं बघायचं? निदान त्या भिंतीची पुढची गोष्ट तरी माहीत करून घ्यायची. जुलै २०१३ मध्ये डेट्रॉइट शहराने दिवाळं जाहीर केलं. कर्ज सुमारे १८ अब्ज डॉलर. सावकारांचं लक्ष संग्रहालयावर गेलं, कारण तिथली चित्रं शहराच्या मालकीची होती. ती विका आणि आमचे पैसे द्या! दुसरीकडे नगरपालिकेचे निवृत्त कर्मचारी, ज्यांचं पेन्शन धोक्यात. शेवटी देणगीदार संस्था, राज्य सरकार आणि संग्रहालय यांनी मिळून ८० कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभी करायचं ठरवलं. त्यातून पेन्शनला आधार मिळाला, आणि संग्रह एका स्वतंत्र विश्वस्त संस्थेकडे गेला. तरीही बहुतेक निवृत्तांच्या पेन्शनला साडेचार टक्के कात्री लागली, दरवर्षीची महागाईची वाढ गेली, वैद्यकीय खर्चाचा आधार तर फारच आटला.

भाचा यावर म्हणाला, "भिंतीवरच्या चित्रापेक्षा ताटातली भाकरी मोठी. विकायला हवी होती." त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. पण मला वाटतं, चित्रं राहिली हे बरं झालं. विकलेलं चित्र परत येत नाही, आणि ज्या शहराने आपली माणसं, कारखाने, शाळा गमावल्या, त्याने आपली आठवणही लिलावात काढावी हा न्याय नव्हे. मात्र त्या दालनात उभं राहणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं की ते वाचवताना कुणा म्हाताऱ्या बस ड्रायव्हरच्या, सफाई कामगाराच्या पेन्शनमधूनही काही गेलंय.

असो. दुसऱ्या दिवशी पिकेट अ‍ॅव्हेन्यूवरचा फोर्डचा १९०४ सालचा कारखाना पाहिला. फोर्डची प्रसिद्ध मॉडेल टी १९०८ मध्ये इथे जन्मली. आत शिरलो आणि परळच आठवलं! लांबलचक, अरुंद, तीन मजली विटांची इमारत, लाकडी जमीन, ओळीने खिडक्या. मग कळलं, तिचा आराखडाच न्यू इंग्लंडच्या कापड गिरण्यांसारखा आहे. आज ते संग्रहालय आहे. आपल्या गिरणगावात १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि पुढे गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले. मॉलच्या आवारात शोभेला ठेवलेली चिमणी आपण बघतो, तिच्यासमोर फोटोही काढतो. आपलेच चेहरे त्या भिंतीवरच्या घोळक्यासारखे झालेत का, हे एकदा तपासायला हरकत नाही.

कारखान्यांच्या शहरात देवळं, राजवाडे, धबधबे नसतात. तिथे माणसांनी केलेलं काम असतं, आणि ते काम गेल्यावर त्यांचं काय झालं हे असतं. बघायला याहून मोठं काय हवं?

आणि आता तिकडच्या समस्त भाचे-पुतण्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. २०१२ पासून तिथल्या तीन काउंट्यांचे रहिवासी या संग्रहालयासाठी घरपट्टीतून वेगळा कर देतात आणि त्या बदल्यात त्यांना प्रवेश फुकट असतो. नोव्हाय, ट्रॉय, कँटन, सगळे त्यात येतात. पैसे तुम्ही दरवर्षी भरताच आहात. पुढचे पाहुणे येतील तेव्हा नायगारा एक दिवस पुढे ढकला.