पाव गाळला, दंगल ठेवली

गेल्या महिन्यात मी आणि माझी १४ वर्षांची भाची 'द हंगर गेम्स' हा सिनेमा बघत बसलो होतो. पुस्तक तिनं आधीच वाचलं होतं. मीही वाचलं होतं, तिच्याच कपाटातून काढून. रू नावाची मुलगी मरते तो प्रसंग आला. कॅटनिसनं तिच्याभोवती फुलं ठेवली, आणि लगेच पडद्यावर दंगल सुरू झाली. भाचीनं रिमोट उचलून सिनेमा थांबवला आणि विचारलं, "मामू, पाव कुठाय?"

मी म्हटलं, सिनेमात नाहीये तो. ती म्हणाली, "मग हा प्रसंगच नाहीये."

पोरीचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. त्यावर मित्रांशी वादही झाला, म्हणून हे लिहितोय.

ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सुझन कॉलिन्स या अमेरिकन लेखिकेची ही कादंबरी २००८ साली आली. उत्तर अमेरिका उद्ध्वस्त झाल्यावर तिच्या अवशेषांवर पॅनेम नावाचा देश उभा आहे. मध्ये झगमगीत कॅपिटॉल आणि भोवती त्याला पोसणारे १२ जिल्हे. कुणी कोळसा काढायचा, कुणी मासे धरायचे, कुणी धान्य पिकवायचं. जुन्या बंडाची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी काढून उचलतात, वय १२ ते १८. २४ पोरं रिंगणात सोडायची, एक जिवंत उरेपर्यंत. सगळा देश टीव्हीवर बघतो. बघावंच लागतं.

कॅटनिस १२ व्या जिल्ह्याची, कोळशाच्या खाणीतली. रू ११ व्या जिल्ह्याची, शेतीवाली, अवघी १२ वर्षांची, सहा भावंडांत थोरली. तिच्या जिल्ह्याबद्दल ती रिंगणात बसून जे सांगते ते वाचताना मी दोनदा थांबलो. देशाचं धान्य तेच पिकवतात, पण शेतातलं काही तोंडात टाकलं तर सगळ्यांसमोर चाबकाचे फटके. सुगीत रात्री उशिरापर्यंत काम. अंधारात दिसावं म्हणून खास चष्मे देतात. एका अर्धवट मुलानं खेळायला म्हणून एक चष्मा ठेवून घेतला तर त्याला मारून टाकलं. कोळसा काढणाऱ्या कॅटनिसलाही हे नवीन आहे. तिला वाटत होतं, शेतीवाले निदान पोटभर जेवत असतील. दोन जिल्ह्यांतल्या माणसांना एकमेकांबद्दल काही कळूच द्यायचं नाही, ही त्या राज्याची रीत. रिंगणात मरायला आल्यावर पोरींना एकमेकींच्या घरची हकिकत कळते.

मग रू मरते. कॅटनिस तिला गाणं म्हणते, तिच्या देहाभोवती रानफुलं ठेवते, जखम झाकते. आपल्या जिल्ह्याच्या रिवाजाप्रमाणे तीन बोटं ओठांना लावून तिच्याकडे करते. बहुतेकांचा आवडता प्रसंग इथं संपतो. त्या तीन बोटांचं पुढं बरंच झालं. २०१४ साली थायलंडमध्ये लष्करानं सत्ता घेतल्यावर लोक ती खूण करू लागले, २०२१ साली म्यानमारमध्येही. चांगलंच आहे.

पण पुस्तकात त्याच संध्याकाळी एक छोटं पॅराशूट खाली येतं. त्यात एक पाव असतो. गडद रंगाचा, रेशनच्या धान्याचा, चंद्रकोरीसारखा, वर बिया लावलेल्या. (चंद्रकोर वाचून आपल्यापैकी कुणी उगाच छाती फुगवू नये, लेखिकेच्या मनात ते नसणार.) हा ११ व्या जिल्ह्याचा पाव. रिंगणात वस्तू पाठवायला भरमसाठ पैसे पडतात आणि दिवसागणिक भाव चढत जातो. कॅटनिस हिशेब करते: त्या उपाशी माणसांतल्या किती जणांनी आपल्या तोंडचा घास काढून यात नाणं टाकलं असेल? बहुधा रूसाठीच जमवत होते. रू गेली, तर पैसे परत घेता आले असते. त्यांनी तो पाव आपल्या मुलीला फुलं वाहणाऱ्या परक्या पोरीला पाठवला. एका जिल्ह्यानं दुसऱ्या जिल्ह्याच्या पोराला काही पाठवल्याचं याआधी कधी घडलेलं नाही. कॅटनिस मावळत्या उजेडात जाऊन उभी राहते आणि ११ व्या जिल्ह्याच्या लोकांचे मोठ्यानं आभार मानते.

माझे अब्बा गेले तेव्हा आमच्या घरी चूल पेटली नाही. मय्यतीच्या घरी पेटवत नाहीत, शेजारचे जेवण आणतात. पहिला डबा आला तो पलीकडच्या गल्लीतल्या एका हिंदू बाईंकडून. पिठलं आणि भाकरी. त्यांच्यातही अशा दिवशी शेजारी अन्न देतात. काही दिवसांनी अम्मीनं तो डबा घासून पुसून ठेवला आणि महिनाभर परत केला नाही. मी विचारलं तर म्हणाली, "रिकामा कसा देऊ?" घरात तेव्हा खरंच काही नव्हतं. शेवटी तिनं शिरखुर्म्यासाठी जपून ठेवलेली खारीक त्यात भरली आणि मला पाठवलं.

११ व्या जिल्ह्यानं डबा रिकामा परत केला नाही. मला तो प्रसंग असा कळतो.

२०१२ सालच्या सिनेमात दिग्दर्शक गॅरी रॉस यांनी हा पाव काढून टाकला. त्याजागी काय आणलं? कॅटनिस कॅमेऱ्याकडे बघून तीन बोटं करते आणि ११ व्या जिल्ह्यातले लोक शिपायांवर तुटून पडतात. मारामारी, धूर, लाठ्या. माझा एक मित्र म्हणतो, हे जास्त परिणामकारक आहे, अन्याय झाला की लोक उठणारच. पुस्तक कॅटनिसच्या तोंडून सांगितलेलं, सिनेमाला बाहेरचं जग दाखवायचंच होतं, असंही तो म्हणतो. दाखवा ना! नाणी गोळा करणारे हात एक मिनिट दाखवले असते, भट्टीतून निघणारा पाव दाखवला असता. तेही बाहेरचंच जग होतं.

ते सुचलं नाही, कारण ज्यांच्यावर अन्याय होतो ती माणसं दोनच रूपांत दाखवायची सवय लागलेली आहे: मार खाणारी किंवा जाळपोळ करणारी. कृतज्ञता, हिशेब, शिष्टाचार, देणं फेडण्याची ओढ हे सगळं बघणाऱ्यांकडे असतं, त्यांच्याकडे फक्त संताप. आमच्या मोहल्ल्यात कॅमेरा येतो तो दगड उचलल्यावर. डबा घेऊन गल्ली ओलांडणारं पोर कुणी चित्रित केल्याचं मला आठवत नाही. आणि इथं तर पॅनेम या शब्दाचाच लॅटिनमध्ये अर्थ पाव. त्या देशाच्या सिनेमातून पाव गाळला!

पुस्तकातही पुढं ११ व्या जिल्ह्यात बंड होतं, हे मला माहीत आहे. मी बंडाच्या विरोधात नाही. पण आधी पाव आहे. पुढच्या भागात कॅटनिस तिथं जाऊन त्या पावाबद्दल आभार मानते, मग गर्दीतला एक म्हातारा रूची धून शिट्टीवर वाजवतो, सगळी गर्दी तीन बोटं करते, आणि म्हाताऱ्याला तिथंच गोळी घालतात. लोक एकमेकांचे कसे झाले हे दाखवल्याशिवाय ते एकत्र का उठले हे कळत नाही. नुसती दंगल उचलून पुढं आणली की ती पिसाळलेली गर्दी दिसते, बाकी काही नाही.

आणखी एक गोष्ट याच सिनेमाच्या वेळची. रूची भूमिका अमांडला स्टेनबर्ग या कृष्णवर्णीय मुलीनं केली. तेव्हा अमेरिकेतल्या काही प्रेक्षकांनी ट्विटरवर जाहीर लिहिलं की रू काळी निघाल्यामुळे तिच्या मरणाचं तितकं दुःख झालं नाही. पुस्तकात रूची त्वचा गडद तपकिरी असल्याचं स्पष्ट लिहिलंय. ज्यांनी पुस्तक वाचून तिच्यासाठी अश्रू गाळले होते, त्यांनी ते वाक्य ओलांडून तिला मनातल्या मनात गोरी करून घेतलं होतं. पडद्यावर खरी रू आल्यावर ते दुःख परत मागू लागले. ही माणसं कॅपिटॉलचीच प्रजा, असं मी त्या मित्राला म्हणालो. तो म्हणाला, अमेरिकेचं सोड. मी म्हटलं, बरं, सोडलं. मग आपल्याकडे मेलेल्याचं नाव कळेपर्यंत हळहळ का थांबवून धरतात, ते तू सांग. तो गप्प बसला. खरं तर मीही कधी कधी बातमीत आधी नावच शोधतो. ते त्याला सांगितलं नाही, इथं लिहितोय.

भाचीनं त्या रात्री सिनेमा पुढं लावू दिला नाही. दुसऱ्या भागात म्हातारा आहे का, एवढं विचारलं. आहे, म्हटलं, गोळीसकट. मग ती आत जाऊन पुस्तक घेऊन आली आणि पावाचं पान काढून मला वाचायला लावलं, मोठ्यानं.