कुलूपबंद सदनिका आणि भाडेकरूची वणवण

दर अकरा महिन्यांनी सामान बांधायचे, दलालाची पायरी चढायची, नव्या अनामत रकमेची जुळवाजुळव करायची आणि मुलांच्या शाळेपासून आणखी दोन स्थानके दूर जायचे, हा मुंबई, ठाणे, पुण्यातील असंख्य कुटुंबांचा क्रम होऊन बसला आहे. भाडे वाढले की खोली कमी होते आणि खोली कमी झाली की वृद्ध आईवडिलांना गावी राहावे लागते. म्हणून हा प्रश्न केवळ अर्थशास्त्राचा नाही, कुटुंबव्यवस्थेचाही आहे.

अशा भाडेकरूंना शासनाने थेट साहाय्य द्यावे, असे कोणी सुचवले की ‘आणखी एक फुकटची खिरापत’ म्हणून नाके मुरडली जातात. परंतु घरभाडे भत्त्यावर मिळणारी प्राप्तिकराची सवलत हे भाडेसाहाय्य नाही तर काय आहे? हा भत्ता न मिळणाऱ्यांसाठी असलेल्या वजावटीची मर्यादा महिना अवघी 5 हजार रुपये. शिवाय या दोन्ही सवलती केवळ जुन्या करप्रणालीत आहेत. ज्याचे उत्पन्न करपात्रच नाही, त्या रिक्षाचालकाच्या किंवा दुकानातील नोकराच्या पदरी यातून दमडीही पडत नाही. अंत्योदयाचा विचार मानणाऱ्यांना हा उलटा न्याय खटकलाच पाहिजे.

मात्र साहाय्य कसे द्यावे, याबाबत आपला अनुभव कटू आहे. 1947 च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडे 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीशी जखडून टाकले. भाडेकरूला दिलासा देण्याचा भार शासनाने स्वतः न उचलता घरमालकावर टाकला. परिणामी मालकांनी डागडुजी थांबवली, चाळी खचू लागल्या आणि 1969 च्या कायद्याने इमारत दुरुस्ती मंडळ स्थापावे लागले. गोठवलेले भाडे सर्वोच्च न्यायालयाने 1997 साली अवाजवी ठरवले. 2000 साली लागू झालेल्या नव्या कायद्याने वर्षाला 4 टक्के वाढ दिली खरी, पण मालकांच्या मनातील धास्ती गेली नाही. 2017-18 च्या आर्थिक पाहणीनुसार देशाच्या शहरांतील भाड्याच्या घरांचे प्रमाण 1961 मधील 54 टक्क्यांवरून 2011 मध्ये 28 टक्क्यांवर आले. त्याच पाहणीत एकट्या मुंबईत सुमारे 4.8 लाख घरे रिकामी असल्याची नोंद आहे.

केवळ पैसे वाटूनही भागत नाही. ब्रिटनमध्ये 2008 पासून खासगी घरांतील अल्पउत्पन्न भाडेकरूंना स्थानिक दरानुसार गृहभत्ता मिळतो. 2011 साली त्याचा दर घटवला गेला, पुढे 2020 ते 2024 तो गोठवला गेला. बाजारातील भाडी मात्र चढतच राहिली आणि मधली तूट भाडेकरूच्या माथी आली. घरे तेवढीच राहून साहाय्य वाढले, तर ते घरमालकाच्या खिशात जाते आणि साहाय्य गोठले तर भाडेकरू उघड्यावर पडतो. दोन्ही बाजूंनी टंचाईच जिंकते.

तेव्हा मार्ग दुहेरी हवा. भाडेसाहाय्य उत्पन्नाच्या अटीवर, ठरावीक मुदतीसाठी आणि नोंदणीकृत कराराच्या आधारे थेट खात्यात द्यावे व त्याचा दर विभागवार, दरवर्षी तपासावा. त्याच वेळी रिकामी घरे बाजारात यावीत यासाठी तंटे झटपट सोडवणारी यंत्रणा उभारावी. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरार कायद्यात भाडे प्राधिकरण आणि भाडे न्यायालयाची तरतूद आहे. निवासी घरासाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी, असेही त्यात म्हटले आहे. तो स्वीकारणे राज्यांच्या हाती आहे. 2024 च्या शहरी आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात भाड्याच्या घरांना स्थान मिळाले आहे, त्याचाही पाठपुरावा व्हावा.

शेवटी एक प्रश्न स्वतःलाही विचारावा लागेल. गुंतवणूक म्हणून घेतलेली, वर्षानुवर्षे कुलूप लावून ठेवलेली दुसरी सदनिका आपल्यापैकीही अनेकांकडे आहे. कायद्याने निर्धास्त केल्यावरही ती बंदच राहणार असेल, तर दोष केवळ शासनाला देता येणार नाही. घर हे लक्ष्मीचे स्थान मानणाऱ्या समाजात घरांनी अंधारात राहावे आणि माणसांनी दारोदार फिरावे, हे शोभणारे नाही.