शिलोहाचा बुरूज आणि निरपराधांचे तारण

२३ नोव्हेंबर १९९४. नागपुरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन चालू होते आणि अनुसूचित जमातीचा दर्जा मागण्यासाठी गोवारी समाजाचा मोर्चा शहरात आला होता. मोर्चा अडवला गेला, लाठीमार झाला आणि चेंगराचेंगरीत ११४ जीव गेले. त्यांत बायका आणि लेकरेच अधिक होती. ९ जानेवारी २०२१. मध्यरात्र उलटल्यावर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या विशेष दक्षता कक्षात आग लागली. आत १७ बाळे होती. ७ वाचली, १० गेली. पहिल्या घटनेत सत्तेची काठी होती, दुसरीत माणसांनी उभारलेली आणि माणसांनीच दुर्लक्षलेली वास्तू.

लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात नेमक्या अशाच दोन बातम्या शेजारीशेजारी येतात. पिलाताने काही गालीलकरांना यज्ञ करत असतानाच ठार केले, ही पहिली. यरुशलेमात शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसे दगावली, ही दुसरी. पहिली लोकांनी येशूच्या कानावर घातली, दुसरी त्याने आपणहून काढली. मेलेली माणसे इतरांपेक्षा जास्त पापी होती का, हा सगळ्यांच्या मनातला प्रश्न त्याने उघड विचारला आणि तिथल्या तिथे निकालात काढला: नव्हती. मग ऐकणाऱ्यांकडे वळून त्याने पश्चात्ताप करायला सांगितले ते त्यांना, जिवंतांना.

निरपराधांच्या दुःखाविषयी ख्रिस्ती माणसाला जे काही बोलायचे आहे ते या उत्तरात आहे. दोष मेलेल्यांत शोधायचा नाही, जिवंतांत शोधायचा. आणि मेलेल्यांसाठी धरायची ती तारणाची आशा. त्यांच्या मरणाची कारणमीमांसा करत बसायचे नाही. हे दोन धागे जिथे सुटतात तिथे आमचे धर्मशास्त्र क्रूर होते. ते कुठे कुठे सुटले आहेत, ते आधी पाहू.

पहिला पक्ष म्हणतो, दुःख आहे त्या अर्थी कुठेतरी पाप असलेच पाहिजे. कोणी त्याला मागच्या जन्मीचा भोग म्हणतो, कोणी आईबापांचे कर्म. आमच्या मंडळ्यांतही घराण्याचा शाप शोधणारे आणि आजारी लेकराच्या आईला तिच्या विश्वासातली खोट दाखवणारे उपदेशक आहेत. या पक्षाचे खंडन आम्हाला बाहेरून आणावे लागत नाही. ईयोबाच्या पुस्तकात तिघे मित्र हेच सांगत राहतात, की तू काहीतरी केले असशील. पुस्तकाच्या शेवटी देवाचा राग ओरडणाऱ्या ईयोबावर होत नाही. देवाची बाजू घेऊन बोलतो असे समजणाऱ्या त्या मित्रांवर होतो. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही पर्याय फेटाळतो, त्याच्या डोळ्यांना चिखल लावतो आणि त्याच शिलोहाच्या तळ्यावर धुवायला पाठवतो.

याच नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो माणसांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसोबत धम्माचा स्वीकार केला. पूर्वजन्मीच्या कर्माने आजची दैना समजावून सांगितली की गरिबाच्या स्थितीची जबाबदारी राज्य आणि समाज यांच्या अंगावरून झटकली जाते, हा बाबासाहेबांचा आक्षेप होता. या मुद्द्यावर ख्रिस्ती माणसाने त्यांच्या बाजूने उभे राहिले पाहिजे. दहा दिवसांच्या बाळाच्या नावावर पाप मांडणारी कोणतीही वही, मग ती कोणत्याही धर्माची असो, जिवंतांची सुटका करण्यासाठीच लिहिलेली असते.

दुसरा पक्ष मायाळू आहे, म्हणून जास्त घातक आहे. देवाला ते बाळ हवे होते, देवाच्या योजनेत सगळे बसते, त्याची इच्छा आपल्याला कळत नाही, असे तो सांगतो. दफनभूमीत ही वाक्ये चांगल्या हेतूने बोलली जातात हे मला ठाऊक आहे. पण त्यांचा अर्थ नीट पाहा. बिघडलेल्या यंत्रणेने जे केले ते देवाच्या नावावर टाकले गेले. आईला आता दोन दुःखे: बाळ गेले, आणि ते नेणारा तोच, ज्याच्यापुढे तिने रडायचे.

मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात असे केलेले नाही. हेरोदाने बेथलेहेमातली दोन वर्षांखालची मुले मारली, ते सांगताना तो यिर्मयाची राहेल आणतो. ती आपल्या लेकरांसाठी रडते आणि सांत्वन घ्यायला नकार देते. शुभवर्तमानकार तिची समजूत घालत नाही, तिचा विश्वास कमी आहे असेही म्हणत नाही. तिचा नकार त्याने पवित्र शास्त्रात जसाच्या तसा राहू दिला. ज्या आईला शास्त्राने रडू दिले तिला गप्प करण्याचा अधिकार कोणत्याही पाळकाला नाही.

तिसरा पक्ष जुन्या धर्मपंडितांचा आहे. बाप्तिस्मा न घेता गेलेल्या बाळांचे काय? पाचव्या शतकात संत ऑगस्टीनने मूळ पापाचा सिद्धांत शेवटपर्यंत ताणला आणि अशी बाळे दंडापासून सुटत नाहीत, फक्त त्यांचा दंड सर्वांत सौम्य असेल, असा निर्णय दिला. मध्ययुगातल्या पंडितांना ते असह्य झाले. त्यांनी यातना नसलेली, पण देवाचे दर्शनही नसलेली ‘लिंबो’ नावाची जागा कल्पिली. शतकानुशतके कॅथलिक आयांनी हे ओझे उरावर वागवले. २००७ साली व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगाने या प्रश्नावर सविस्तर निवेदन काढले आणि अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला गंभीर आधार आहेत, असे म्हटले. आयोगाने त्याला खात्री म्हटले नाही, आशाच म्हटले. तरीही त्या दिवशी चर्च आपल्या प्रभूच्या अधिक जवळ आले, असे मी मानतो.

कारण चर्चच्या स्वतःच्या पंचांगातच या प्रश्नाचे उत्तर केव्हापासून होते. २८ डिसेंबरला आम्ही बेथलेहेमच्या निष्पाप बाळांचा सण पाळतो आणि त्यांना रक्तसाक्षी मानतो. त्या बाळांना बाप्तिस्मा मिळाला नव्हता. येशूचे नाव त्यांनी ऐकले नव्हते, विश्वासाचा अंगीकार करायला त्यांना वाचाही फुटली नव्हती. तरी चर्चने त्यांना संतांच्या रांगेत बसवले. बेथलेहेमच्या बाळांना जी कृपा लागू पडते ती भंडाऱ्याच्या बाळांना का पडू नये? ती कोणत्या धर्माच्या घरात जन्मली हा प्रश्न शवपेटीपाशी विचारणारा माणूस तारणाविषयी बोलायला लायक नाही.

चौथा पक्ष विरोधकाचा आहे आणि तो सर्वांत बलवान आहे. दोस्तोयेवस्कीच्या ‘करामाझोव बंधू’ या कादंबरीत इव्हान म्हणतो, की शेवटी सगळे सुसंवादात मिळणार असेल, पण त्यासाठी एका छळलेल्या मुलाचे अश्रू मोजावे लागणार असतील, तर त्या सुसंवादाचे तिकीट मी परत करतो. हा आक्षेप लिहिणारा लेखक श्रद्धावान होता आणि त्याचा तीन वर्षांचाही न झालेला मुलगा, अल्योशा, १८७८ साली फेफऱ्याने गेला होता. म्हणून या आक्षेपाला उडवाउडवीचे उत्तर चालत नाही.

इव्हानचे अर्धे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. मुलाच्या अश्रूंनी कोणताही स्वर्ग विकत घेता येत नाही, आणि जो देव असा सौदा करील त्याची उपासना करू नये. पण तारण हा सौदा आहे हे गृहीत चुकीचे आहे. वैद्य जखम बरी करतो, म्हणून जखम करणे योग्य ठरत नाही. देव शेवटी अश्रू पुसेल या आशेने अश्रू आणणारी कृती कधीच न्याय्य होत नाही; उलट ती कृती देवाच्या इच्छेविरुद्ध होती हेच त्यातून सिद्ध होते. म्हणूनच पुनरुत्थित ख्रिस्ताच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा राहिल्या. झाले ते झालेच नाही, असे तारण म्हणत नाही.

आता मी इव्हानला विचारतो: तिकीट परत केल्यावर त्या मुलाचे काय? तुझा निषेध उदात्त आहे, पण त्यात मुलाला काहीच मिळत नाही. ज्याने मारले त्याचाच शब्द त्याच्याबाबतीत शेवटचा ठरतो. यावरून देव आहे असे सिद्ध होत नाही, हे मी जाणतो. एवढेच दिसते, की त्या मुलाला न्याय मिळावा ही मागणी खरी असेल तर ती मरणाच्या पलीकडे पोचावी लागते. आशा सोडून ती मागणी पूर्ण होत नाही.

पाचवा पक्ष नागपूरकराच्या जिव्हाळ्याचा आहे. बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नव्हे, आणि यातच त्याचे मोठेपण आहे, असे बाबासाहेबांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात मांडले. तारणारा मागणे म्हणजे माणसाने स्वतःच्या पायांवर चालणे सोडणे, असा त्याचा आशय सांगितला जातो. चालू शकणाऱ्या माणसाला मार्ग दाखवावा, खांद्यावर घेऊ नये, हे मलाही पटते. गुलामाला स्वतःच्या पायांवर उभे करणाऱ्या त्या शिकवणीपुढे मी नम्र आहे. पण काचेच्या पेटीत ठेवलेल्या बाळाने कोणत्या मार्गावर चालायचे होते? गोवारी मोर्चाच्या गर्दीत आईच्या कडेवर चिरडलेल्या लेकराने कोणते शील पाळायचे होते? ज्यांना एक पाऊल टाकायची सवड मिळाली नाही त्यांच्यासाठी मार्ग पुरत नाही. त्यांना तारणाराच हवा. ख्रिस्ती धर्मातील कृपेचा सिद्धांत आळशी माणसाच्या सोयीसाठी नाही. तो सर्वांत आधी या लेकरांसाठी आहे, आणि आपण मोठी माणसे त्यांच्या मागोमाग त्यात शिरतो. देवाचे राज्य अशांचेच आहे असे येशूने बाळांकडे पाहून म्हटले, ते मी शब्दशः घेतो.

खंडन येथे संपते. आता मंडन.

तारणाची ख्रिस्ती आशा तीन गोष्टी सांगते. पहिली, देव निरपराधाच्या दुःखाच्या बाहेर राहिलेला नाही. हेरोदाच्या तलवारीतून एक बाळ मिसरला निसटले आणि बाकीची मेली, यावर संशयवादी बोट ठेवतो, ते योग्यच आहे. पण निसटलेले ते बाळ कायमचे निसटले नाही. पुढे रोमन सुभेदार पिलाताने, न्यायाचा देखावा करून, त्याला निर्दोष जाणूनही वधस्तंभावर दिले. तेथे तो का सोडलेस असे ओरडला आणि वरून उत्तर आले नाही. ज्या आईला उत्तर मिळत नाही तिच्या बाजूला देव स्वतः येऊन उभा राहिला आहे, हा आमच्या विश्वासाचा गाभा आहे. दुसरी, तो उठला. निरपराधाविरुद्ध दिलेला निकाल वरच्या न्यायालयात फिरवला गेला, आणि जे एकाच्या बाबतीत झाले ते सर्वांच्या बाबतीत होईल, असे आम्ही मानतो. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड: न्याय होणार आहे, आणि त्या न्यायासनापुढे मेलेली बाळे आरोपी म्हणून उभी राहणार नाहीत. आपण राहू.

अशा आशेने माणूस हातावर हात ठेवून बसतो, हा शेवटचा आक्षेप. त्याला उत्तर द्यायला एक मराठी बाई पुरेशी आहे. १८७४ च्या सुमारास दक्षिणेतल्या दुष्काळात पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि थोरली बहीण थोड्याथोड्या महिन्यांच्या अंतराने गेली. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात, ज्याची राजधानी हे आपले नागपूर होते, दुष्काळ पडला, तेव्हा त्या आपल्या भुकेची आठवण घेऊन या प्रांतात आल्या आणि सुमारे ३०० मुली व तरुण विधवा सोबत घेऊन गेल्या. त्यांच्यासाठी केडगावात जे उभे राहिले ते मुक्तिसदन. तारणावर त्यांच्याइतकी ठाम श्रद्धा असलेली माणसे थोडी, आणि त्यांच्याइतकी धावपळ केलेलीही थोडी.

त्यांच्यावर आणि त्या काळातल्या मिशनांवर दुष्काळाचा फायदा घेऊन धर्मांतरे केल्याचा आरोप झाला. त्याला मी बगल देत नाही. जिथे भाकरीच्या बदल्यात बाप्तिस्मा मागितला गेला तिथे ख्रिस्त नाकारला गेला, असे ख्रिस्ती माणसानेच सर्वांत आधी म्हटले पाहिजे. येशूच्या दाखल्यातल्या शोमरोनी माणसाने जखमी वाटसरूला काहीच विचारले नाही. त्याचे घाव बांधले, उतारशाळेत नेले, पैसे भरले. तारण देवाने द्यायचे, भाकरी आपण द्यायची, आणि दुसऱ्या कामाची किंमत म्हणून पहिले मागायचे नाही.

तेव्हा शिलोहाच्या बुरुजाची बातमी ऐकणाऱ्यांना मिळालेले उत्तर आज आपल्याला मिळाले आहे. भंडाऱ्यानंतर राज्यातल्या रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. तरी तीनच महिन्यांनी, ९ एप्रिल २०२१ ला, नागपूरच्या वाडी भागातल्या खासगी रुग्णालयात आग लागून रुग्ण दगावले. त्याच महिन्यात विरारला आणि नोव्हेंबरमध्ये अहमदनगरला तेच झाले. आदेश निघाले, पश्चात्ताप झाला नाही. पश्चात्ताप म्हणजे डोळ्यांतले पाणी नव्हे. तपासलेली वायरिंग, उघडणारी दारे, रात्रपाळीला पुरेसे हात, आणि निकाल लागेपर्यंत गोवारींच्या मरणाचा जाब विचारणारे तोंड.

आमच्या चर्चकडे या शहरात शाळा आहेत, वसतिगृहे आहेत, दवाखाने आहेत. दर २८ डिसेंबरला निष्पाप बाळांची उपासना झाल्यावर प्रत्येक मंडळीने आपापल्या इमारतींची तपासणी करून घ्यावी आणि तिचा अहवाल पुढच्या रविवारी सर्वांसमोर वाचावा. शेजारच्या सरकारी रुग्णालयाच्या तपासणीचा अहवालही मागावा आणि मिळेपर्यंत मागत राहावा. गेलेली बाळे देवाच्या हाती आहेत, अशी आमची आशा आहे. जी अजून काचेच्या पेटीत श्वास घेत आहेत त्यांना देवाने आपल्या हाती दिले आहे, आणि त्यांच्याबाबतीत तारणाची आशा सांगण्याचा अधिकार आधी त्यांची राखण केल्यानेच मिळतो.