हँडल थरथरतं तेव्हा
चेंबूरहून सायन-पनवेल महामार्गाने वाशीच्या खाडीपुलाकडे जाताना वेग वाढला आणि मोटारसायकलचं हँडल थरथरू लागलं, की बरेच जण रस्त्याला दोष देऊन पुढे जातात. तसं करू नका. तपासणी सोप्या गोष्टींपासून सुरू करा. टायर थंड असताना हवा मोजा. पुढच्या टायरवरून तळहात फिरवा. झीज उंचसखल लागली तर संशय त्याच्यावर. मग गाडी मधल्या स्टँडवर घ्या, पुढचं चाक उचलून फिरवा आणि रिम डावी-उजवीकडे डुलते का पाहा. फोर्कची खालची टोकं धरून पुढे-मागे ओढा. ‘टक्’ जाणवलं तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग, सैल आहे. हँडल हळूहळू वळवताना बरोबर मध्यावर अडकलं, तर कोनसेटच्या वाट्यांत खळगे पडलेत, कारण रस्त्यावरच्या खड्ड्यांचे दणके हँडल सरळ असतानाच बसतात. असा कोनसेट आवळून भागत नाही, बदलावाच लागतो. मागे जड पेटी असेल तर पुढच्या चाकावरचा भार घटतो आणि थरथर वाढते. चालत्या गाडीत ती आलीच, तर करकचून ब्रेक मारू नका, हँडल घट्ट आवळू नका. रेस हळूहळू कमी करा. आणि दोष सापडेपर्यंत वेगाचा मोह टाळा.